जमीन कुळात गेली

सीमाभागातल्या जुन्या घरांत शेतीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते : ‘आमची जमीन कुळात गेली.’ हे झाले मालकाच्या घरातले बोलणे. कुळाच्या घरात त्याच गोष्टीला ‘जमीन नावावर झाली’ म्हणतात. कधी झाली, असे विचारले की बोलणारा सीमेच्या कोणत्या बाजूचा आहे ते कळते. कागल-चंदगडकडचा माणूस सत्तावन्न साल सांगतो, निपाणी-बेळगावकडचा चौऱ्याहत्तर. माती तीच, भाषा तीच, सोयरिकीही तिकडून इकडे झालेल्या. मधे सतरा वर्षे कशी पडली, आणि त्या वर्षांत किती कुळे बांधावरून खाली उतरली, हे पाहायचे तर मुंबई राज्यापासून सुरुवात करावी लागते.

बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. कुळांना पहिले संरक्षण १९३९ च्या कायद्याने दिले, आणि १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने ते पक्के केले. गावच्या तोंडी तो नुसता ‘कुळकायदा’. त्याच्या २९ व्या कलमाने मालकाला बजावले की मामलेदाराच्या हुकुमाशिवाय कुळाकडून जमिनीचा कबजा घेता येणार नाही. खंड थकला, जमीन पोटकुळाला दिली, नासधूस केली, काहीही कारण असो. आधी मामलेदार, मग कबजा. उलट कुळाला कुणी परस्पर हुसकावले तर त्यानेही दोन वर्षांच्या आत याच कलमाखाली अर्ज करून जमीन परत मागावी. कुळाने आपणहून जमीन सोडायची म्हटली तरी ती लेखी हवी आणि मामलेदाराने कुळाला समोर उभे करून खातरजमा केलेली हवी.

कायदा वाचला तर त्यात बोट घालायला फट दिसत नाही. प्रत्यक्षात एक चांगली रुंद फट होती आणि तिचे नाव राजीनामा. जमीन मालकाची, अडीनडीला उसनवार त्याचीच, तंबाखूच्या पट्ट्यात उचलही त्याच्याकडून किंवा त्याच्या भाऊबंदाकडून. अशा माणसाने ‘एवढ्या कागदावर अंगठा कर, पुढच्या साली पुन्हा तुलाच करायला देतो’ म्हटले तर कूळ काय करणार? अंगठा उठे, मामलेदारासमोर मान हले आणि कबजा राजीखुशीने सुटल्याची नोंद होई. लाठी नाही, पोलीस नाही, पंचनामा नाही. वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदानपूर यांनी गोखले संस्थेतर्फे या कायद्याच्या अंमलाची पाहणी केली. तिचा अहवाल १९५७ मध्ये निघाला. ‘स्वखुशीचे’ म्हणून नोंदलेले हे राजीनामे बहुतांशी खरे मानण्याजोगे नाहीत आणि कायदा असूनही कुळे मोठ्या प्रमाणावर जमिनीवरून निघाली, असा त्यांचा निष्कर्ष होता. दुसरी वाट ‘स्वतः कसण्यासाठी हवी’ या सबबीची. जमीन परत घेताना बैलाचे तोंड न पाहिलेले मालकही कागदावर शेतकरी होत.

या पळवाटा मुंबई सरकारला दिसत होत्या. म्हणून १९५६ ची मोठी दुरुस्ती आली आणि १ ऑगस्ट १९५६ पासून लागू झाली. तिने एक तारीख ठरवून टाकली : १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून कसत असेल त्याने ती जमीन विकत घेतली असे कायद्यानेच मानायचे. मालकाला स्वतःसाठी हवी असेल तर त्याने ३१ डिसेंबरपर्यंत नोटीस द्यावी आणि ३१ मार्चपर्यंत मामलेदाराकडे अर्ज करावा. त्यानंतर दार बंद. किंमत साऱ्याच्या वीस ते दोनशे पटींच्या दरम्यान, आणि तीही हप्त्याने.

लक्षात घ्यायचे ते हे की ऑगस्ट १९५६ मध्ये हा कायदा निपाणीत होता, बेळगावात होता, खानापुरातही होता. कुळाने फक्त आठ महिने बांधावर टिकून राहायचे होते.

तीन महिन्यांनी राज्य बदलले. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात बेळगाव जिल्ह्याबद्दल मोजके शब्द आहेत : चंदगड तालुका वगळून बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला ते अमलात आले. सीमालढ्याच्या इतिहासात या तारखेचे पान काळ्या चौकटीतले आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या पानावर शाळा, पाट्या, कचेरीची भाषा जेवढी दिसते तेवढे कूळ दिसत नाही. एका रात्रीत चंदगडचे कूळ मुंबई राज्यात राहिले आणि शेजारच्या बेळगाव तालुक्यातले म्हैसुरात गेले. पाच महिन्यांनी पहिले मालक झाले. दुसऱ्याच्या बाबतीत म्हैसूर सरकारने १९५७ मध्ये त्या खरेदीच्या तरतुदीच स्थगित करून टाकल्या. कारण सांगण्यात आले ते समजण्यासारखे होते : नव्या राज्यात पाच प्रांतांतले पाच तऱ्हेचे कुळकायदे गोळा झाले होते, सगळ्यांना एकच कायदा हवा होता. त्यासाठी बी. डी. जत्ती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जत्ती जमखंडीचे, मुंबई राज्यात उपमंत्री राहिलेले, म्हणजे हा भाग त्यांना परका नव्हता. समिती झाली, विधेयक झाले, १९६१ चा कायदा झाला; तो अमलात यायला २ ऑक्टोबर १९६५ उजाडला. त्यातही मालकाला जमीन परत घेण्याची मुभा होतीच.

समान कायदा हवा, हे मान्य. पण जो हक्क तारीखवार ठरला होता तो थांबवायचा आणि त्या जागी समिती बसवायची, याचा हिशेब कुळाच्या बाजूने कुणी मांडला नाही. मालकाला मिळालेला वेळ म्हणजे राजीनाम्यांना मिळालेला वेळ. आज ना उद्या कूळ मालक होणार हे कळून चुकलेला माणूस त्या आठ-नऊ वर्षांत जमिनीवर नवा गडी आणणार, वाटा तोंडी ठरवणार आणि पावती देणार नाही. पीकपाण्याच्या रकान्यात मालकाचेच नाव ‘खुद्द’ म्हणून चढणार. १९६७ मध्ये सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी अशी शिफारस केली, तेव्हा ‘आज ना उद्या तिकडे जाणारच’ या आशेत थांबलेल्यांत कुळेही होती आणि मालकही. आशा मात्र दोघांच्या वेगळ्या.

सीमेपलीकडचा महाराष्ट्र म्हणजे स्वर्ग होता असेही नाही. कागल तालुक्यात कुळकायद्याच्या ३२-ग कलमाखाली होणाऱ्या खरेदीच्या चौकशीला कूळ हजर राहिले नाही, किंवा कुणाच्या तरी सांगण्यावरून ‘मला घ्यायची नाही’ असा जबाब दिला, की खरेदी निष्फळ ठरे आणि जमीन हातची जाई. नोटीस मिळाल्याची सही असे. तिचा अर्थ कुणी सांगितलेला नसे.

निपाणीकडची कोंडी फुटली ती मुख्यमंत्री देवराज अरसांच्या काळात. १ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूरचे कर्नाटक झाले आणि चार महिन्यांनी, १ मार्च १९७४ ला, १९६१ च्याच भूसुधारणा कायद्यातली मोठी दुरुस्ती लागू झाली. कुळाकडे असलेली सगळी जमीन त्या दिवशी सरकारजमा. मग कुळाने सात नंबरचा फॉर्म भरायचा आणि तालुक्याच्या ट्रिब्युनलसमोर आपली वहिवाट सिद्ध करायची. ट्रिब्युनलवर असिस्टंट कमिशनर अध्यक्ष आणि चार बिगरसरकारी सभासद, त्यांतला एक अनुसूचित जाती-जमातीचा. सुरुवातीला वकिलांना आत मज्जाव होता. कुळाने स्वतः बोलायचे : विहीर कुणी काढली, शेजारच्या रानात कोण, कोणत्या साली तंबाखू आणि कोणत्या साली जोंधळा. अनेक कुळांना आयुष्यात पहिल्यांदाच कचेरीत खुर्चीसमोर उभे राहून अख्खे वाक्य बोलायला मिळाले ते या निमित्ताने. कन्नडमधली नोटीस मात्र मराठी गावात कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागे, आणि तो वाचणारा कुणाचा माणूस आहे यावर बरेच अवलंबून असे.

फॉर्म भरायची मुदत वाढत वाढत ३० जून १९७९ पर्यंत गेली. तोवर ज्यांनी भरला नाही त्यांच्यासाठी १९९८ मध्ये आणखी एक दार किलकिले झाले. पण ज्याला १९७४ च्या आधीच उठवले होते, ज्याचा राजीनामा दप्तरात होता आणि ज्याचे नाव पीकपाण्यातून गेले होते, त्याने काय दाखवायचे? कायद्याने १ मार्च १९७४ चा कबजा विचारला. त्याच्याकडे १९५७ चा होता.

मालकांत सगळे सावकार नव्हते, हेही नोंदले पाहिजे. नवरा गेल्यावर चार एकर वाट्याने लावून मुले शिकवणारी बाई, पुण्या-मुंबईत कारकुनी करणारा धाकटा भाऊ यांच्याही जमिनी कुळात गेल्या. मुंबईच्या कायद्याने विधवा, अज्ञान मुले आणि फौजेतले जवान यांच्या बाबतीत खरेदी पुढे ढकलली होती. कर्नाटकाने सैनिकाला आणि दर्यावर्दीला जमीन खंडाने द्यायची आणि परत घ्यायची वेगळी सवलत ठेवली. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या बेळगावात आहे, तिथे ही सवलत नुसती कागदावर राहणारी नव्हती.

घरभाडेकरूंची गोष्ट याच रस्त्याने गेली, फक्त कमी रडारडीने. १९४७ चा मुंबईचा भाडेकायदा बेळगावात १९६१ अखेरपर्यंत चालला, मग म्हैसूरचा आला, आणि २००१ अखेरीस नवा कर्नाटक भाडेकायदा. या नव्या कायद्याने चौदा चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना संरक्षणाबाहेर काढले. पण संरक्षण नाही म्हणजे कुलूप तोडायची परवानगी मिळाली असे नव्हे. ग्वाल्हेरकडच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच सांगितले की मुदत संपलेल्या भाडेकरूलाही मालकाला बळाने काढता येत नाही. कोर्टातूनच जावे लागते. हुसकावलेल्याने सहा महिन्यांत दिवाणी दावा लावला, तर मालकी कुणाची या प्रश्नात न शिरता आधी कबजा परत मिळतो. पेठेतल्या किती भाडेकरूंना हे सहा महिने ठाऊक असतात?

रानात आता ‘कूळ’ हा शब्द कुणी उच्चारत नाही. १९७४ नंतर कर्नाटकात, सैनिकांसारखे अपवाद सोडले तर, शेतजमीन खंडाने देणेच कायद्याने बंद आहे, म्हणून जमीन ‘वाट्याने’, ‘फाळ्याने’, ‘बघायला’ दिली जाते. करार तोंडी, पावती नाही, आणि दोन-तीन साले झाली की माणूस बदलायचा. नाही तर कूळ लागेल, ही भीती मालकांच्या तिसऱ्या पिढीतही ताजी आहे. २०२० मध्ये बिगरशेतकऱ्यालाही कर्नाटकात शेतजमीन घेता येऊ लागली. हमरस्त्यालगतच्या रानांना नवे मालक आले, तारेची कुंपणे आली. कुंपणाच्या आत पीक मात्र त्याच गावातला माणूस काढतो. मालक उद्या म्हणाला ‘आता नको’, तर तो विळा-खुरपे गोळा करून निघतो. त्याला उठवायला राजीनाम्याचीही गरज उरलेली नाही, कारण त्याचे नाव कुठल्याच रकान्यात नाही.