खाऱ्या हवेतला ग्लो प्लग

मॉडेल विमानाच्या ग्लो इंजिनात ठिणगी पडत नाही. सिलिंडरच्या माथ्यावरील प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूची केसासारखी बारीक तार असते. दीड व्होल्टवर ती लाल होते आणि इंजिनाने पकड घेतल्यावर बॅटरी काढली तरी विझत नाही, कारण ज्वलनाची उष्णता आणि प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर इंधनातल्या मिथेनॉलची होणारी उत्प्रेरक क्रिया तिला तापती ठेवतात. अमेरिकेत रे आर्डन यांचा असा प्लग १९४७ च्या सुमारास बाजारात आला आणि विमानाला इग्निशनची कॉइल व बॅटरी वाहून नेण्याची गरज उरली नाही.

लहान इंजिनाला व नायट्रोमिथेन कमी असलेल्या इंधनाला गरम प्लग, नायट्रो जास्त असल्यास थंड, हा निवडीचा ढोबळ नियम. खरा जाणकार मात्र वापरलेला प्लग काढून भिंगाखाली धरतो: तार चकचकीत असेल तर मिश्रण बरोबर, पांढुरकी व खरबरीत असेल तर इंधन कमी पडून इंजिन तापलेले, आणि तिला धातूचे कण चिकटले असतील तर दोष प्लगचा नसून आत झिजणाऱ्या भागांचा असतो. अशा वेळी नुसता नवा प्लग लावणे म्हणजे इंजिन हातचे घालवणे होय.

मीरा-भाईंदरला एकीकडे वसईची खाडी, दुसरीकडे उत्तनचा समुद्र आणि मधे मिठागरे असल्याने येथे निगेला निवडीहून अधिक महत्त्व द्यावे लागते. मिथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते. उड्डाणानंतर ते इंजिनात राहिले, तर ओलावा आणि ज्वलनातून आलेला आम्लांश मिळून बेअरिंगला गंज चढवतात. म्हणून शेवटी इंधनाची नळी चिमटून आतले इंधन जळू द्यायचे, कार्ब्युरेटरमध्ये आणि प्लगच्या छिद्रातून तेलाचे थेंब सोडायचे व पंखा हाताने फिरवून ते सर्वत्र पोहोचवायचे. या वेळी बोटांना इंधनातल्या जळक्या एरंडेलाचा गोडसर, उग्र वास लागतो, तो साबणानेही लवकर जात नाही. एरंडेल तापलेल्या पिस्टनला शेवटपर्यंत वंगण पुरवते, पण चिकट तपकिरी थरही मागे ठेवते. तो वेळोवेळी काढण्याचा कंटाळा करणाऱ्याने बॅटरीवरची मोटर घेतलेली बरी.

इंधनाची बाटली घट्ट बंद ठेवावी, ती केवळ ओलाव्यासाठी नव्हे. मिथेनॉल विषारी आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. बाटलीवर ठळक चिठ्ठी हवी, आणि कपाटाला कुलूप.