संगणकाच्या दूरध्वनीची कैफियत

जुन्या तारखात्याचे हुकूम आणि परवान्यांच्या शर्ती वाचण्याचा नाद मला फार दिवसांचा आहे. मनुष्यस्वभाव कादंबरीत जितका उघडा पडत नाही तितका तो मनाईच्या एखाद्या पोटकलमात पडतो, असा माझा ग्रह आहे. आणि मेजावरच्या संगणकाने दूरध्वनीचे काम करावे की नाही याविषयी अमेरिकेत व आपल्याकडे जे कागद निर्माण झाले, त्यांनी तो दृढच केला.

तंत्राची हकीकत थोडक्यात आटोपते. ऑगस्ट १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातील इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूट आणि मॅसॅच्युसेट्समधील लिंकन लॅबोरेटरी यांच्या दरम्यान आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरून माणसाचा आवाज प्रथम गेला. या उद्योगाचा एक सूत्रधार डॅनी कोहेन, जन्माने हैफाचा. जाळ्याचा तेव्हाचा धर्म असा की, पाठविलेला प्रत्येक तुकडा क्रमाने व बिनचूक पोचलाच पाहिजे, मग वेळ कितीही लागो. कोहेनचे म्हणणे याच्या नेमके विरुद्ध होते: बोलण्यातला एखादा तुकडा गहाळ झाला तर ऐकणारा तो संदर्भाने भरून काढतो, परंतु उशिरा येणाऱ्या तुकड्यासाठी सारे वाक्य खोळंबले तर संभाषणच उरत नाही. १९७८ मध्ये टीसीपी या एकसंध नियमावलीतून आयपी वेगळी काढण्यात आली, म्हणजे उशिराच्या तुकड्यासाठी न खोळंबता आवाज धाडण्याची वाट मोकळी झाली, तेव्हा त्या फारकतीचा आग्रह धरणाऱ्या मोजक्या मंडळींत तो होता. संगणकावर आज जे कोणी बोलतात ते सारे त्याचे ऋणी आहेत, आणि बहुतेकांना त्याचे नावही ठाऊक नाही.

फेब्रुवारी १९९५ मध्ये हर्झलियाच्या व्होकलटेक कंपनीने 'इंटरनेट फोन' विक्रीस काढला. पुष्कळांच्या साउंड कार्डांना एका वेळी एकच काम जमे, म्हणून एकाने बोलावे व दुसऱ्याने तोवर थांबावे. शिवाय ज्याला बोलवायचे तो त्याच क्षणी जाळ्यावर हजर असला तरच भेट. अशा या अर्धमुक्या खेळण्याची कोणाला भीती वाटेल असे स्वप्नातही येऊ नये. पण ती वाटली, आणि तिचा दस्तऐवज झाला.

४ मार्च १९९६ रोजी 'अ‍ॅक्टा' या नावाच्या, सुमारे १३० लहान दूर-पल्ल्याच्या कंपन्यांच्या संघटनेने अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनपुढे फिर्याद गुदरली. व्होकलटेक, क्वार्टरडेक, कॅमेलॉट आदी प्रतिपक्षींनी अशा सॉफ्टवेअरची विक्री ताबडतोब बंद करावी आणि कमिशनने या व्यवहारावर आपला अंमल जाहीर करावा, अशी तिची मागणी होती. दूरचे बोलणे जवळजवळ फुकट दिले जाणे हे लोकहिताचे नव्हे, कारण तारांचे जाळे राखणाऱ्यांचा महसूल त्यामुळे बुडतो, हा तिचा मुख्य मुद्दा. ही फिर्याद वाचताना मला हसू आवरत नाही. १९८४ मध्ये एटी अँड टीचे साम्राज्य मोडले गेल्यामुळे ज्यांना बाजारात पाय ठेवायला जागा मिळाली, आणि ज्यांतील पुष्कळजण दुसऱ्याच्या तारांवरचा वेळ घाऊक घेऊन किरकोळीने विकत, तेच आता नवागताला उंबरठ्यावर अडवीत होते. ज्यांच्यावर दावा, ते तर तार टाकीतही नव्हते. ते केवळ खोक्यातील तबकडी विकत. जेफ पल्व्हर यांच्या पुढाकाराने प्रतिपक्षाची आघाडी उभी राहिली, आणि बंदीचा हुकूम कधीच निघाला नाही. एप्रिल १९९८ च्या अहवालात कमिशनने निर्णायक निवाडा टाळून एवढेच सुचविले की, संगणकावरून संगणकाशी बोलणे ही निराळी गोष्ट, आणि साध्या फोनवरून साध्या फोनवर जाळ्यामार्फत बोलणे हे मात्र दूरध्वनिसेवेसारखेच दिसते.

आपल्याकडे हाच प्रश्न मक्त्याचा होता. परदेशी संभाषणाचा मक्ता मुंबईच्या विदेश संचार निगमाकडे होता. त्याची मुदत २००४ वरून अलीकडे ओढून ३१ मार्च २००२ ला संपविण्यात आली, आणि दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिलला, इंटरनेटवरील दूरध्वनीला मुभा मिळाली. तारखांची ही लगट काही न बोलता सारे सांगते.

त्या मुभेच्या शर्ती तर विलक्षणच. पुण्यातील गृहस्थाने संगणकावरून न्यू जर्सीतील मुलाच्या घरचा फोन वाजवावा, ही गोष्ट कायदेशीर. त्याच संगणकावरून साताऱ्यातील मावशीचा फोन वाजवावा, ही बेकायदेशीर. आणि मावशीने उलट फोन करावा म्हटले, तर ती फिरविणार काय? देशाच्या क्रमांकयोजनेतील क्रमांक संगणकाला देण्यास मनाई होती. त्याची ओळख आयपी पत्त्यापुरती. फोन करण्यास तार पुरते, पण फोन घेण्यास क्रमांक लागतो, आणि क्रमांक सरकारच्या हातचा. भांडणाचे मर्म येथे होते. परदेशच्या संभाषणावर पाणी सोडल्यावर देशांतर्गत उत्पन्न राखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे संगणकाला मुळी क्रमांकच न देणे, हे शर्ती लिहिणाऱ्यांनी चोख ओळखले होते. त्यांच्या हुशारीला मी दाद देतो, न्यायबुद्धीला देत नाही. कारण एसटीडीचे दर पुढे मोबाइल कंपन्यांच्या स्पर्धेने कोसळलेच, आणि राखलेला महसूल हाती राहिला नाही.

पुढील मजल सावकाश झाली. जगभर संगणकावरून फोन लावून देणाऱ्या स्काइपने १० नोव्हेंबर २०१४ पासून भारतातून भारतातल्याच फोनवर बोलण्याची सोय बंद केली. २०१८ च्या जूनमध्ये दूरसंचार खात्याने क्रमांकासहित इंटरनेट-दूरध्वनीचा मार्ग मोकळा केला, आणि जुलैत बीएसएनएलने 'विंग्ज' ही दहा आकडी क्रमांकाची सेवा जाहीर केली. मार्च २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने मेजावरच्या संगणकावरून बोलण्याची सोय दिली, तीत संगणकाने मोबाइलचाच क्रमांक उसना घेतला, आणि त्यासाठी कोणाच्या दारी अर्ज करण्याची गरज पडली नाही. सोळा वर्षे जे देण्याचे नाकारले गेले, ते लोकांनी अशा रीतीने परस्पर वापरात आणले. मनाईच्या कलमांचा हा शेवट मला योग्यच वाटतो.