एकावन्नावी नोंद

पूर्वी वही भरली की आम्ही दुकानातून दुसरी आणायचो. भरलेली कपाटात जायची. आधीची पानं फाडा, मगच पुढं लिहा, असं म्हणायला दुकानदार कधी घरी आला नाही. आता माझी वही मोबाईलमध्ये आहे. एसटीत खिडकीशी बसलं की सुचलेली ओळ तिथंच टिपतो. वाण्याची यादी, अम्मीच्या गोळ्यांच्या वेळा, कुणाचा तरी पत्ता आणि मध्येच अर्धी राहिलेली गझल. या वहीला पानं किती, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

अशा वह्यांमधलं एक जुनं नाव म्हणजे एव्हरनोट. २००८ साली अमेरिकेत ती सर्वांसाठी खुली झाली. चिन्ह हत्तीचं, कारण हत्ती काही विसरत नाही अशी तिकडची समजूत. फोनवर लिहिलेलं संगणकावर दिसायचं, आणि तेही फुकट. २०१६ मध्ये कुंपण पडलं : फुकट खातं दोनच यंत्रांवर चालेल. पुढं इटलीतल्या मिलान शहरातली बेंडिंग स्पून्स ही कंपनी एव्हरनोट विकत घेत असल्याचं नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालं. डिसेंबर २०२३ मध्ये नवा नियम आला : फुकट खात्यात नोंदी ५० आणि वही एकच.

मग ज्यांच्या नोंदी आधीच हजारावर गेल्या होत्या, त्यांचं काय? त्या पुसल्या गेल्या नाहीत. जुनं वाचता येत होतं, दुरुस्त करता येत होतं, बाहेर काढून नेताही येत होतं. फक्त नवं पान उघडत नव्हतं. पैसे भरा, नाहीतर पुसत पुसत पन्नासाच्या आत या. कंपनीचं म्हणणं असं, की फुकट वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या नोंदी पन्नासाच्या आतच आहेत. असतीलही. म्हणजे झळ लागली ती रोज, विश्वासानं लिहिणाऱ्याला.

माझ्यासारख्याला खटकते ती मोजणीची रीत. दोन ओळींचा शेर ही एक नोंद आणि वीस पानांचा लेख हीसुद्धा एकच नोंद! जागेचं म्हणाल, तर देवनागरीतलं एक चिन्ह साठवायला साधारण तीन बाइट लागतात. पाचशे चिन्हांची कविता झाली दीड हजार बाइटची. मोबाईलवरच्या एका चांगल्या फोटोच्या जागेत अशा हजारभर कविता मावतील. तेव्हा हा आकडा जागेच्या टंचाईतून आलेला नाही, गिऱ्हाइकाला पैशांच्या खिडकीपाशी आणण्यासाठी तो आहे. धंदा करणाऱ्यानं पैसे मागू नयेत, असं मी म्हणणार नाही; यंत्रं आणि माणसं फुकटात चालत नाहीत. पण आधी सवय लावायची आणि पानं मागाहून मोजायची, हे मनाला लागतं.

म्हणून वहीत शिरतानाच बाहेरची वाट पाहून ठेवावी. एव्हरनोटमधून संगणकावर नोंदी निवडून ‘एक्स्पोर्ट’ करता येतात. त्यातून जी फाइल मिळते, ती जॉप्लिन हे मोफत ॲप उघडू शकतं. ऑब्सिडियन नावाचं दुसरं ॲप तर नोंदी साध्या मजकुराच्या फाइली म्हणून आपल्याच यंत्रावर ठेवतं. मात्र तिथं यंत्र बिघडलं की जबाबदारी आपली. दुसरी प्रत काढलेली नसेल तर रडायचं कुणाकडे?

माझं ॲप वेगळं आहे, तिथं अजून कुणी मोजत नाही. तरी एका रात्री मीच मोजलं. दोनशे बारा नोंदी निघाल्या. पन्नासच ठेवायच्या तर कोणत्या, हे मनाशी ठरवू लागलो. याद्या गेल्या, पत्ते गेले, फसलेल्या गझलाही गेल्या. मग एक नोंद आली : अब्बांच्या शेवटच्या आजारातले तापाचे आकडे, सकाळ-संध्याकाळचे. ना कविता, ना हिशेब. तिथं बोट थांबलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या नोंदी काढून मुलीच्या संगणकावर ठेवल्या. तापाचे आकडे मात्र जुन्या वहीत हातानं उतरवून घेतले.