दरबाराचा पगार सुटला तेव्हा

तानसेन समारोहाची शंभरी २०२४च्या डिसेंबरात थाटात झाली. त्याच्या आदल्या वर्षी, ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी, युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून आपल्या यादीत घेतलं होतं. तेव्हापासून हिवाळा आला की पुरवण्यांमधून तीच नावं फिरू लागतात: राजा मानसिंह तोमर, तानसेन, हस्सू खाँ, हद्दू खाँ. सोबत हजिऱ्याच्या समाधीजवळची छायाचित्रं, ढोलीबुवांच्या मठाची हरिकथा आणि तिच्या जोडीनं होणारा मिलाद. हे सारं खरं आहे आणि मनापासून आवडावं असंही आहे. पण या कथनात १८८६ ते १९१८ ही वर्षं जवळजवळ नसतात. ग्वाल्हेरची गायकी दरबार सोडून मराठी घरांत आली ती याच वर्षांत. आणि माझं ठाम मत असं की ती सलोख्याच्या भाषणांनी आली नाही, दरबारातल्या खानसाहेबांचा पगार सुटला म्हणून आली.

ग्वाल्हेरचे संस्थानिक जयाजीराव शिंदे २० जून १८८६ला वारले. गादीवर बसलेले माधवराव तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते, त्यामुळे कारभार रीजन्सी कौन्सिलकडे गेला. संस्थान गरीब होतं असं मुळीच नाही. १८७४मध्ये मायकेल फिलोजच्या आराखड्यावर जयविलास राजवाडा उभा राहिला होता. आग्रा-ग्वाल्हेर लोहमार्गासाठी जयाजीरावांनी ७५ लाख रुपये दिले होते. ते गेल्यावर, १८८७मध्ये, याच संस्थानानं हिंदुस्थान सरकारला साडेतीन कोटींचं कर्ज दिलं. सरकारला कर्ज देणाऱ्या त्या राज्यात दरबारी गवयांना मात्र जागा उरली नाही. नत्थे खाँचे दत्तक पुत्र निसार हुसेन खाँ यांची नोकरी गेली. तेव्हा ते चाळिशीत होते, आणि ग्वाल्हेर घराण्याच्या चिजांचा मोठा साठा त्यांच्या गळ्यात होता.

ग्वाल्हेरचं लश्कर कसं वसलं होतं हे डोळ्यांपुढे आणल्याशिवाय पुढचं कळणार नाही. १८१०च्या सुमारास दौलतरावांचा तळ पडला आणि त्या तळाचंच शहर झालं. शिंदे की छावनी, फालका बाजार, चिटणीस की गोठ, बक्षी की गोठ ही मोहल्ल्यांची नावं आजही रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत. प्रत्येक सरदाराचा आपला वाडा, त्याभोवती त्याची माणसं, त्यांचे कारकून, भटजी, शागीर्द. मराठे सरदार आणि ब्राह्मण मुत्सद्दी वर. शेतसारा भरणारा हिंदी मुलूख खाली आणि दूर. या व्यवस्थेत गवई हा दरबाराचा नोकर होता, अगदी मानाचा असला तरी नोकरच. त्याचं अन्न, त्याची पालखी, त्याची विद्या कोणाला द्यायची आणि कोणापासून राखायची याची मुभा, सगळं एका माणसाच्या मर्जीवर. तो माणूस गेला की काय होतं, ते १८८६नं दाखवलं.

निसार हुसेन खाँ गेले ते शंकरराव पंडितांच्या घरी. शंकररावांचे वडील विष्णुपंत आणि हद्दू खाँ यांचा जुना स्नेह. त्यामुळे शंकरराव आणि त्यांचे भाऊ एकनाथ या घराण्यात शिकलेले होते. आता उस्ताद शिष्याच्या छपराखाली राहू लागले. शागीर्द गुरूच्या घरी पाणी भरतो, हुक्का भरतो, ही चाल सगळ्यांना माहीत होती. इथे गुरूचं पोट शिष्याच्या चुलीवर आलं. घराण्यात सांगतात, की खानसाहेबांनी त्या घराचं सोवळंओवळं पाळलं, सामिष सोडलं आणि लोक त्यांना कौतुकानं ‘निसारभट’ म्हणू लागले. १८९३ साली त्याच घरात जन्मलेले कृष्णराव शंकर पंडित शंकरराव आणि खानसाहेब या दोघांच्या सहवासात वाढले आणि पुढे ग्वाल्हेर गायकीचं सगळ्यांत भक्कम नाव झाले.

या गोष्टीवर माझा फार जीव आहे. तिच्यातली दुसरी बाजूही म्हणूनच बघायला हवी. घराशी जुळवून कोणी घेतलं? खानसाहेबांनी. पंगत आपल्या जागी राहिली, तिच्यात सामावण्यासाठी पाहुणा बदलला. शिवाय त्या काळच्या ब्राह्मण वाड्यात एका मुसलमान उस्तादाला जो उंबरा ओलांडता आला, तो त्याच शहरातल्या अस्पृश्य मानलेल्या माणसाला ओलांडता येत नव्हता. खानसाहेबांना आत आणलं ते विद्येनं. ज्याच्यापर्यंत विद्या पोचूच दिली नव्हती, त्या माणसासाठी हा रस्ता नव्हताच.

त्याच दशकात जगाच्या दुसऱ्या टोकाला गाणं आणि गाणारा यांची अशीच ताटातूट चालली होती. अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या अंतानंतर नॅशव्हिलला फिस्क विद्यापीठ निघालं. त्याच्या मदतीसाठी १८७१मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं ‘जुबिली सिंगर्स’ पथक गात बाहेर पडलं. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली ते साल १८७३, आणि त्याच वर्षी हे पथक राणी व्हिक्टोरियापुढे गायलं. पुढे फ्रेडरिक लाउडिनच्या नेतृत्वाखालचा संच जगभर फिरला, १८८९-९०च्या दौऱ्यात हिंदुस्थानात आला आणि ग्वाल्हेरपासून जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर ताजमहालात गायला. गुलामांची प्रार्थनागीतं त्या घुमटाखाली घुमली, ती याच वर्षांत.

पण मायदेशी काय चाललं होतं? १८९२मध्ये लुइझियानात होमर प्लेसी गोऱ्यांच्या डब्यात बसला म्हणून पकडला गेला. १८९६मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘वेगळे पण समान’ असं म्हणून वेगळ्या डब्यांना मान्यता दिली. याच काळात न्यूयॉर्कला आलेला संगीतकार ड्वोरझाक १८९३मध्ये सांगत होता की अमेरिकेच्या संगीताचं भवितव्य कृष्णवर्णीयांच्या सुरावटींत आहे. सूर सभागृहात, आणि ज्याचा सूर तो वेगळ्या डब्यात. कायद्यानं आखलेली तसली रेघ लश्करात नव्हती. आपल्याकडची रेघ ताटाभोवती होती आणि ती मोडायला न्यायालयात जावं लागेल असं कोणाला वाटतही नव्हतं.

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर निसार हुसेन खाँची आणखी एक गोष्ट. कलकत्त्याला व्हॉइसरॉयपुढे गाऊन त्यांनी बक्षीस म्हणून मोहरा मागितल्या नाहीत, रेल्वेचा पास मागितला, असं घराण्यात सांगतात. तिच्यात अतिशयोक्ती असेल, पण मागणी शहाण्या माणसाची आहे. दरबार संपला की गवयाला गावोगाव जावं लागणार, हे त्यांनी ओळखलं होतं. लोहमार्गानं ग्वाल्हेर महाराष्ट्राच्या जवळ आलं. त्याआधी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिथे गेले होते. हस्सू खाँची विद्या त्यांना मिळाली ती वासुदेवबुवा जोशींकडून, म्हणजे ताटाची रेघ न ओलांडता. मिरज-इचलकरंजीच्या भागात त्यांनी जे पेरलं, त्यातूनच विष्णु दिगंबर पलुस्कर घडले आणि १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय निघालं.

रामकृष्णबुवा वझ्यांचा मार्ग खडतर होता. सावंतवाडीकडचा हा निर्धन मुलगा ग्वाल्हेरला पोचला, माधुकरी मागितली, अन्नछत्रात जेवला आणि निसार हुसेन खाँच्या मागे लागला. खानसाहेब सहज देणारे नव्हते. ज्याच्या हातात विद्येखेरीज काही उरलं नाही, तो ती जपून देणारच. ‘संगीत कला प्रकाश’ हे बुवांचं आत्मकथन यासाठी वाचावं. एक विद्यार्थी भुकेला, आणि त्याचा गुरूही दुसऱ्याच्या घरचं अन्न खाणारा. अशा दोघांमधून चिजा पुढे सरकत होत्या. याच वझेबुवांचं मार्गदर्शन पुढे केशवराव भोसल्यांना आणि दीनानाथ मंगेशकरांना मिळालं, आणि नाटकांच्या चालींतून ते मराठी माजघरापर्यंत गेलं. आपल्या आज्या गुणगुणत त्या पदांमागे १८८६ची ती बेकारी आहे.

हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ यांचं आयुष्य तर याहून विलक्षण. हद्दू खाँकडे शिकलेले विष्णुपंत छत्रे घोड्यांचेही उस्ताद होते. त्यांनी सर्कस काढली. विपन्नावस्थेत सापडलेल्या गुरुपुत्राला त्यांनी आपल्याजवळ घेतलं, आणि ‘भूगंधर्व’ म्हणून गाजलेला हा गवई सर्कशीसोबत हिंडला. दरबाराच्या जागी तंबू आला, तिकीट आलं. शेवटी कुरुंदवाडला १९२२मध्ये ते गेले, तोवर छत्रे कुटुंबानं त्यांना सांभाळलं. शिंद्यांच्या खजिन्याला जे जमलं नाही ते एका सर्कसवाल्याच्या घरानं केलं. हे मी रागानंच लिहितो आहे.

अर्थात ज्यांना असे शिष्य मिळाले, त्यांचीच नावं उरली. सारंगीवाले आणि तबलजी उस्तादांच्या शेजारी बसत, पण त्यांच्या हातून गंडा बांधून घ्यायला सुखवस्तू घरातलं पोर क्वचितच येई. मैफलींत गाणाऱ्या बायकांचं त्याहून कठीण. १८९०च्या दशकात नाचगाण्यांविरुद्धची चळवळ मद्रासेतून सुरू झाली आणि सुशिक्षितांनी ती उचलून धरली. ज्या स्त्रियांनी ठुमरी-दादरा राखला, त्यांना घरात घेणारं कोणी नव्हतं, कारण त्यांना घरात घेणं हाच कलंक मानला जात होता. १९१४मध्ये कृष्णरावांनी शंकर गांधर्व विद्यालय काढलं. जानेवारी १९१८मध्ये भातखंड्यांच्या आखणीवर माधव संगीत विद्यालय सुरू झालं. फळा आला, स्वरलिपी आली, परीक्षा आल्या. भल्या घरातल्या मुलामुलींना गाणं खुलं झालं ही फार मोठी गोष्ट आहे, तिचं श्रेय माधवरावांना आणि भातखंड्यांना द्यायलाच हवं. पण वहीत उतरलेली चीज कोणी सांभाळली होती, हे त्या वहीत लिहिलेलं नसतं.

युनेस्कोच्या मानासोबत पैसा येईल, सभागृहं होतील, दिवे लागतील. त्यातला थोडा पैसा संस्थानी दफ्तरावर खर्च करावा असं माझं मागणं आहे. १८८६च्या आधी नोकरीत कोण कोण होतं, कोणाला किती तनखा होता, कोणत्या बाईजींचं नाव कोणत्या वर्षी गळलं, हे मोडीतल्या कागदांतून काढून देवनागरीत छापावं. ग्वाल्हेरमध्ये आणि पुण्यात मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, आणि त्यातली बरीचशी साठीच्या पुढची आहेत.