पाठीचा कणा आणि रक्तातील खूण

चंद्रपूर जिल्ह्यातील मोहर्ली हे ताडोबाच्या अरण्यात शिरण्याचे एक प्रमुख द्वार होय. येथून पहाटे जिप्सी गाड्या आत सुटतात, आणि त्या हाकणाऱ्यांस व वाटाड्यांस कच्च्या रस्त्याचे धक्के नित्य सोसावे लागतात. अशा मनुष्याची पाठ दुखली तर कोणास नवल वाटत नाही. विसावा मिळाला की बहुधा ते दुखणे ओसरते. परंतु पंचविशीतल्या तरुणाची कंबर विसाव्यानेच अधिक आखडत असेल, उत्तररात्री वेदनेने जाग येत असेल, सकाळी अर्धा-पाऊण तास अंग वळत नसेल आणि हिंडू-फिरू लागताच ते सैल पडत असेल, तर दोष रस्त्यावर ढकलून भागणार नाही. तीन महिन्यांहून अधिक चाललेले असे दुखणे कण्याच्या सांध्यांचा दाह असू शकते. त्यास डॉक्टर 'अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस' म्हणतात. त्यात कधी टाचा दुखतात, कधी एक डोळा एकाएकी लाल होतो. या गोष्टींचा पाठीशी संबंध असेल हे घरच्यांच्या ध्यानीही येत नाही. उपेक्षा झाल्यास काहींचे मणके जुळून कणा वेळूसारखा ताठ होतो.

हा रोग काही कुळांत पुन्हा पुन्हा का दिसतो, याचा एक धागा १९७३ साली हाती आला. लंडनच्या ब्रूअरटन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७५ रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा ७२ जणांत 'एच.एल.ए. बी-२७' ही खूण आढळली. इतर ७५ जणांत ती अवघ्या तिघांत होती. शोध मोठाच; पण त्याचा अर्थ घरोघरी उलटा लावला जातो, असे आम्हांस वाटते. ही खूण असणाऱ्या शंभरांपैकी सुमारे पाचांसच रोग जडतो. रुग्णाच्या सख्ख्या नात्यात हे प्रमाण वाढून वीसपर्यंत जाते, तरीही बहुतेक सुटतात. उलट, खूण नसतानाही रोग झालेले आपल्या देशात पुष्कळ आहेत.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे सिकलसेलची तपासणी लोकांच्या परिचयाची आहे. तेथे लग्नापूर्वीच्या तपासणीस खरोखर अर्थ आहे. कारण वधू-वर दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास तो रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. बी-२७ ची गोष्ट तशी नाही. पूर्वी मंगळ आडवा येई, आता हा कागद येऊ लागला आहे. त्यावरून सोयरीक मोडणे आम्हांस सर्वथा अनुचित वाटते.

निदान व्हावे ते दुखण्याच्या हकीकतीवरून आणि सांधेरोगतज्ज्ञाच्या तपासणीवरून. क्ष-किरणांत बदल दिसण्यास कित्येक वर्षे लागतात, एम.आर.आय. मध्ये दाह पुष्कळ आधी दिसू शकतो. नित्य व्यायाम, दाहशामक गोळ्या आणि त्या पुरेशा न पडल्यास हल्लीची जैविक इंजेक्शने, यांनी बहुतेकांस चांगला आराम पडतो. तंबाखू मात्र सोडलीच पाहिजे.

आणखी एक. हा पुरुषांचाच रोग अशी समजूत दीर्घकाळ होती, त्यामुळे स्त्रियांचे निदान फार उशिरा होते. भल्या पहाटे जिचे अंग आखडते आणि दहा वाजेतो जी कामाला लागते, त्या सुनेस आपल्या घरांतून आळशी म्हटले जाते.