मेयोनीजची चव ठरते तेलात

वाटीभर मेयोनीज म्हणजे जवळजवळ पाऊण वाटी तेल. अमेरिकेत तर ‘मेयोनीज’ म्हणून विकायच्या पदार्थात वजनाने किमान ६५ टक्के वनस्पती तेल असलंच पाहिजे, असा नियम आहे. घरी करतो त्यात बहुधा याहून जास्तच असतं. तरी पाककृतीत अंडं, मोहरी, लिंबू यांचं कौतुक होतं आणि तेलापुढे नुसतं ‘एक कप’ लिहिलेलं असतं.

हे तेल तापत नाही, कच्चंच पोटात जातं. त्यामुळे तळणीला कुठलं तेल चांगलं, हा हिशेब इथे उपयोगाचा नाही. अर्धा चमचा तेल कच्चं चाटून पाहावं. ते जिभेला उग्र, कडवट किंवा किंचित जरी खवट लागलं, तर मेयोनीजही तसंच लागणार. लिंबू कितीही पिळलं तरी खवटपणा झाकला जात नाही. महिनोन्महिने उघडी राहिलेली बाटली म्हणूनच इथे नको.

सर्वांत जास्त फसगत एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलात होते. पौष्टिक म्हणून महागाचं तेल आणायचं, ब्लेंडर फिरवायचा आणि हाती कडू लगदा यायचा! या तेलात कडवट चवीची पॉलिफेनॉल्स असतात. ब्लेंडरची पाती तेलाचे अतिशय बारीक थेंब करतात, तेव्हा ही द्रव्यं तेलातून सुटून भोवतीच्या पाण्यात उतरतात आणि थेट जिभेला लागतात. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात लसूण घालून केलेली आयोली याच तेलाची असते, पण ती परंपरेने खलबत्त्यात हाताने घोटतात. ऑलिव्हचा स्वाद हवाच असेल, तर मेयोनीज साध्या तेलात करावं आणि शेवटी दोन चमचे ऑलिव्ह तेल हाताने फेटून मिसळावं.

आपल्याकडचं घाण्याचं शेंगदाणा तेल चटणीवर लाजवाब, मेयोनीजमध्ये मात्र दुसऱ्या कशाचीच चव लागू देत नाही. मोहरीच्या तेलाचंही तसंच. खोबरेल तेलाची अडचण वेगळी आहे. ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. फ्रिजमध्ये तेलाचे थेंब घट्ट होतात, त्यांच्याभोवतीचा बलकाचा पातळ पडदा फाटतो आणि बाहेर काढल्यावर तेल वेगळं, पाणी वेगळं होतं.

माझी पसंती रिफाइंड करडईला. रंगाने फिकट, चवीला सौम्य, आणि फ्रिजमध्येही पातळच राहणारं हे तेल. शिवाय ते आपल्या मातीतलं आहे. सोलापूरकडे आणि मराठवाड्यात कमी पाण्यावर येणारं हे काटेरी रब्बी पीक. त्याचा पेरा गेल्या काही दशकांत फार घटला, याचं वाईट वाटतं. करडई मिळाली नाही, तर रिफाइंड सूर्यफूल किंवा राइस ब्रॅन घ्यावं.

तेल कुठलंही असो, घाई नडते. बलक, मोहरी, मीठ आणि लिंबू फेटून त्यात तेल आधी थेंबाथेंबाने घालावं. मिश्रण दाटून फेटणीला चिकटू लागलं, की मग बारीक धार. एका बलकाला १५० मिलिलिटर तेल पुरे. फाटलंच, तर टाकू नये. स्वच्छ वाटीत दुसरा बलक घेऊन फाटलेलं मिश्रण त्यात चमचा-चमचा फेटत जावं.

कच्च्या अंड्यातून साल्मोनेलाची बाधा होऊ शकते. तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली, ती विषबाधेच्या भीतीनेच. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, वयस्कर मंडळी घरात असतील, तर दुधाचं करावं: अर्धा कप थंड दूध, एक कप तेल, हँड ब्लेंडर, शेवटी लिंबू. यात बलकाची चव नसल्याने तेलाची चव आणखी उघडी पडते. म्हणून दुधाच्या मेयोनीजला तर तेल सौम्य आणि ताजंच हवं. बाटली लहान घ्या आणि तारीख बघूनच घ्या.