सुट्टीतली मधली सुट्टी

फ्लोरिडातले डिस्ने वर्ल्ड १९७१ साली उघडले. आज तिथे ४ थीम पार्क आहेत आणि सारे आवार सुमारे १०० चौरस किलोमीटरचे आहे. तिकीट महाग, म्हणून कुटुंबे सकाळपासून रात्रीच्या आतषबाजीपर्यंत नुसती धावतात. दुपारी मुले रडकुंडीला येतात, आजीचे पाय सुजतात, आईबाप एकमेकांवर खेकसतात. उन्हाळ्यात तिथे दुपारी बऱ्याचदा गडगडाटी पाऊस येतो. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबतात. ही निसर्गानेच दिलेली मधली सुट्टी! सकाळी लवकर जावे, दुपारी खोलीवर डुलकी काढावी, संध्याकाळी त्याच तिकिटावर परतावे. चार राइड हुकतील. पण पैसे वसूल करण्याच्या नादात घरच्यांचा सहवासच हुकला, तर तो हिशेब तोट्याचाच.